नदीकांठच्या शेतांतील मुक्काम

रतनगड चढूं इच्छिणाऱ्या बहुतेक मंडळींचा आदला मुक्काम रतनवाडीस पडतो. प्रवरा या गडावरच उगम पावते आणि भंडारदऱ्याच्या जलाशयास मिळते. तेथील धरण १९२६ सालीं पुरें झालें. अमृतेश्वराचें दर्शन झालें कीं प्रश्न उरतो तो एवढाच: राहुटी ठोकावयाची कोठें?

पात्रालगतची मऊ वाळू प्रथम मोह घालते. मीही त्या मोहांत सांपडलों होतों. आश्विन महिना, आभाळ निरभ्र. खुंट्या ठोकीत असतां शेजारच्या शेताचे म्हातारबाबा बांधावर येऊन म्हणाले, “पाव्हणं, हितं नका निजू. वर पाऊस झाला म्हंजी नदी इचारून येत न्हाई.” पटलें म्हणून नव्हे, तर त्यांचा मान राखावा म्हणून आम्हीं बिऱ्हाड त्यांच्या खळ्यावर हलविलें. मध्यरात्रीं गडाच्या माथ्यावर विजा चमकल्या. आमच्यावर थेंबही पडला नाहीं; परंतु पहाटे पाहतों तों खुंट्यांच्या खुणांवरून गढूळ पाणी वाहत होतें!

उघडा कातळ पाणी मुरूं देत नाहीं. तें ओढ्यांतून एकदम खालीं येतें. म्हणून जागा पाहतांना आभाळापेक्षां झुडपांकडे पाहावें. फांद्यांत पालापाचोळा ज्या उंचीवर अडकलेला दिसेल, ती पुराची रेघ समजावी व तिच्या बरेंच वर राहावें.

कापणीनंतरचें भातखाचर सपाट खरें. पण खोलगट खाचरांत ओल टिकते, आणि थंड हवा जड असल्यामुळें रात्रीं उतरून तेथेंच सांचते. मार्गशीर्षांत एकदोन पायऱ्या वरचें खाचर घ्यावें. पेंढ्याच्या उडवीचा आडोसा उबदार वाटतो. परंतु तेथें उंदीर येतात व उंदरांमागें साप. चूलही उडवीपासून दूरच हवी. आंब्याखालीं पेटवावयाची तर आधीं मान वर करून आग्यामोहोळ नाहीं ना, तें पाहावें. पाणी गुरांच्या पाणवठ्याच्या वरच्या अंगास भरावें आणि तरीही उकळावें. शौचास प्रवाहापासून दोनशें फूट तरी दूर जावें.

मालकास विचारल्यावांचून मात्र शेतांत पाऊल टाकूं नये. उजाड दिसणाऱ्या खाचरांत पुष्कळदां ओलीवर हरभरा पेरलेला असतो. मोबदला आधींच ठरवावा, आणि हें सारें दिवस असतां उरकावें. गड नैर्ऋत्येस असल्यामुळें थंडीच्या दिवसांत सूर्य तेथें लौकर आड होतो.