शाळेचा कॅमेरा : घेण्यापूर्वी काही प्रयोग

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड हे गाव आहे. तेथील एका शिक्षकांनी आम्हांला विचारले, "हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही माजलगावच्या धरणावर पक्षी पाहायला जातो. मोबाइलच्या फोटोत पक्षी म्हणजे नुसता ठिपका येतो. शाळेत खिशात मावणारा एक जुना कॅमेरा आहे, त्याचीही तीच गत. आता माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून तीस हजार रुपये जमवले आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा? आणि सर, पैसे लोकांचे आहेत. फसलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

प्रश्नाचा शेवटचा भाग आम्हांला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटला. अमुक कंपनीचा अमुक नमुना घ्या, असे उत्तर वर्षभरात शिळे होते. पण कॅमेरा प्रकाश कसा गोळा करतो हे एकदा समजले, की निवडही करता येते आणि समोर ठेवलेला कॅमेरा तपासताही येतो.

फाळके यांची खरेदी

तुटपुंज्या पैशांत चांगला कॅमेरा मिळवण्याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट दादासाहेब फाळके यांची आहे. १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. दुकानात शिरण्याआधी ते 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकांना भेटले. जाणकारांचा सल्ला घेऊन मगच त्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. मायदेशी परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडे थोडे चित्रण केले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. ही 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

कॅमेऱ्याकडून काय काम हवे ते आधी ठरवणे, माहितगाराला विचारणे आणि हाती आलेले यंत्र प्रयोगाने पारखणे, या तीन गोष्टी आपल्यालाही तितक्याच लागू आहेत.

ठिपक्याचे गणित

दिंद्रुडच्या मुलांचे काम आहे दूरचा पक्षी टिपण्याचे. वस्तू दूर असेल तर प्रतिमेची उंची जवळजवळ अशी येते : वस्तूची उंची गुणिले भिंगाचे नाभीय अंतर, भागिले वस्तूचे अंतर. राखी बगळा साधारण १ मीटर उंच असतो. तो १०० मीटरवर उभा आहे असे समजू. मोबाइलच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर ५ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे बगळ्याची प्रतिमा ०.०५ मिलिमीटर उंच पडेल. मोबाइलच्या संवेदकावरील एकेक पिक्सेल १ मायक्रोमीटरचा धरला, तर सगळा बगळा ५० पिक्सेलमध्ये आटोपला! पडद्यावर बोटांनी चित्र ताणले तर हेच ५० ठिपके मोठे होतात, नवी माहिती काही मिळत नाही.

आता २५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग घ्या. प्रतिमा २.५ मिलिमीटरची होईल. भिंग बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात पिक्सेल सुमारे ४ मायक्रोमीटरचा असतो. म्हणजे बगळ्याच्या वाट्याला ६०० हून अधिक पिक्सेल येतील. चोच, मानेवरचे पट्टे, पाय सारे दिसेल. तेव्हा पैसे आधी लांब भिंगासाठी राखून ठेवावेत.

प्रकाशाची भूक

मग जाहिरातीतल्या मेगापिक्सेलचे काय? वर्गातील प्रक्षेपकावर १९२० × १०८० ठिपक्यांचे चित्र दाखवायला सुमारे २१ लाख पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. पक्ष्याभोवतीचा भाग कापून टाकायचा म्हटले तरी १२ ते २४ मेगापिक्सेल शाळेला भरपूर होतात. खरी उणीव भासते ती प्रकाशाची.

प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि पावसाच्या थेंबांप्रमाणे त्यांची संख्या क्षणोक्षणी कमीजास्त होते. सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील तर त्यांत सुमारे १०० चा, म्हणजे १ टक्क्याचा चढउतार असतो. १०० च कण पडत असतील तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्क्यांचा. पहाटे काढलेला फोटो रवाळ दिसतो तो यामुळे.

खिशातल्या कॅमेऱ्यात आणि अनेक लांब झूमच्या एकसंध कॅमेऱ्यांत संवेदकाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मिलिमीटर असते. भिंग बदलता येणाऱ्या साध्या कॅमेऱ्यांत ते बहुधा ३६७ चौरस मिलिमीटरच्या जवळपास, म्हणजे तेरापट असते. एकसंध झूम कॅमेरा दूरचे पाहतो, हलका असतो आणि भर उन्हात चांगले काम देतो. पण पक्षी पाहण्याची वेळ म्हणजे सकाळ-संध्याकाळ, आणि नेमका तेव्हाच तो कमी पडतो.

भिंगावर एफ/५.६ किंवा एफ/१.८ असे आकडे असतात. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. आकडा लहान तितके छिद्र मोठे. एफ/१.८ ला एफ/५.६ च्या साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश आत येतो. स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचे असतील तर पुढेमागे ५० मिलिमीटर, एफ/१.८ चे एक भिंग जोडावे. ते तुलनेने स्वस्त असते.

३० हजारांत हे कसे बसवायचे? २०१८ साली निकॉन आणि कॅनन यांनी मोठ्या संवेदकाचे, आरसा नसलेले कॅमेरे बाजारात आणले. तेव्हापासून अनेक छायाचित्रकार त्यांकडे वळले आणि आरशाचे, म्हणजे डीएसएलआर कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात स्वस्तात येऊ लागले. छायाचित्रे त्यांतून आजही तितकीच चांगली येतात. मात्र भिंग आणि कॅमेरा यांचा जोड जुळतो का ते पाहावे. कॅननची १९८७ पासूनची ईएफ भिंगे त्यांच्या सर्व डिजिटल डीएसएलआरना बसतात. निकॉनच्या साध्या कॅमेऱ्यांत भिंग फिरवणारी मोटर नसते, म्हणून मोटर भिंगातच असलेले घ्यावे. नाहीतर फोकस हाताने करावा लागेल.

घेण्यापूर्वी चार प्रयोग

एकदा आमचाही हात पोळला आहे. पोस्टाने मागवलेले एक भिंग वरून लखलखीत होते, आत मात्र बुरशी. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून आम्ही विजेरी आणि एक वर्तमानपत्र घेऊनच दुकानात जातो.

१. भिंगातून तिरपा उजेड टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. असे भिंग घेऊ नये. धुळीचे दोनचार कण चालतात.

२. छिद्र अगदी लहान, एफ/१६ किंवा एफ/२२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. छिद्र लहान असले की प्रकाशाचा शंकू निमुळता होतो आणि संवेदकावरील धुळीची सावली ठळक पडते. धूळ साफ करून घेता येते, ओरखडा जात नाही.

३. भिंगाचे झाकण लावून दहा सेकंदांचा फोटो काढा. काळ्या चित्रात चमकणारे ठिपके म्हणजे बिघडलेले पिक्सेल. दोनचार असतील तर हरकत नाही.

४. वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा, कॅमेरा स्टुलावर त्याच्या अगदी समोर ठेवा आणि छिद्र पूर्ण उघडून फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखी स्पष्ट हवीत. एकच कोपरा धूसर असेल, तर भिंग बहुधा कधीतरी पडले आहे.

याशिवाय किती फोटो काढून झाले ते विचारावे. साध्या डीएसएलआरचा शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेला असतो. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा सापडतो. कॅननच्या बहुतेक फाइलींत तो नसतो, तेव्हा सेवा केंद्रात विचारावे. फुगलेली बॅटरी घेऊ नये.

पैसे देताना

वस्तू हातात येऊन तपासून होईपर्यंत पैसे देऊ नयेत, हा मुख्य नियम. फोटो पाठवून "आगाऊ रक्कम भरा, कुरिअरने पाठवतो" म्हणणारा माणूस गणवेशातले ओळखपत्र दाखवत असला तरी त्यावर विश्वास ठेवू नये. "पैसे परत करतो, फक्त पिन टाका" असे कोणी म्हटले तर तो फसवतो आहे हे नक्की, कारण यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागतच नाही. चुकून पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड.

अनोळखी व्यक्तीपेक्षा, चार पैसे जास्त पडले तरी, काही महिन्यांची लेखी हमी देणारे दुकान बरे. बिल शाळेच्या नावाने घ्यावे, त्यावर कॅमेरा आणि भिंग या दोहोंचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत आणि ते प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहावेत. रक्कम शाळेच्या खात्यातून द्यावी. पुढे वर्गणीचा हिशेब मांडताना हाच कागद उपयोगी पडतो. दुकानाने हमी पाळली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दिंद्रुडच्या शिक्षकांना आम्ही हेच कळवले, आणि एक सूचना केली. खरेदीला जाताना दहावीची दोन मुले सोबत न्यावीत आणि चारही प्रयोग त्यांच्याच हातून करवून घ्यावेत. कॅमेरा घरी आला की हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, म्हणजे पावसाळ्यात बुरशी धरणार नाही. आणि धरणावर जाण्याआधी वर्गाच्या खिडकीत कुंडी ठेवून एक हरभरा पेरावा, रोज ठरावीक वेळी एक फोटो काढावा. महिनाभराने ते फोटो भराभर दाखवले की वर्गणी देणाऱ्या गावकऱ्यांना आपले पैसे कशात गेले हे वेगळे सांगावे लागणार नाही.