टर्बोयुक्त प्रवासी मोटारीसाठी इंजिन-नियंत्रक संगणकाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

१९७९ मध्ये बॉश कंपनीच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधनाची फवारणी आणि ठिणगीची वेळ या दोहोंचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपविले. तेव्हापासून इंजिन-नियंत्रक संगणक, म्हणजेच व्यवहारातील ईसीयू, हा इंजिनाचा अविभाज्य घटक बनत गेला. पुणे जिल्ह्यातील चाकण येथील कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही मोटार २०१३ मध्ये बाजारात आली. तिच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची शक्ती १०५ पीएस इतकी होती. अशा मोटारींचा ईसीयू बदलून किंवा त्याची आज्ञावली नव्याने लिहून शक्ती वाढविण्याकडे तरुण वर्गाचा ओढा दिसतो. हा निर्णय बहुधा 'किती अश्वशक्ती वाढेल' या एकाच प्रश्नावर घेतला जातो. तो कोणत्या निकषांवर घेतला जावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियंत्रकाचे कार्य

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीपूर्वी ईसीयू आत येणाऱ्या हवेचा दाब, तिचे तापमान, इंजिनाची गती आणि पेडलची स्थिती यांची नोंद घेतो. त्यानंतर स्मृतीत साठविलेल्या कोष्टकातून तो इंधनाचे प्रमाण व ठिणगीचा क्षण ठरवितो. या कोष्टकाला 'मॅप' असे म्हणतात. संगणक कितीही वेगवान असला, तरी त्याचा निर्णय मॅपइतकाच बरोबर किंवा चूक असतो.

टर्बोचार्जर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. दाबलेली हवा तापते. दाब व तापमान प्रमाणाबाहेर गेल्यास ठिणगीने पेटविलेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. तीव्र नॉकिंग अल्पावधीत पिस्टन निकामी करू शकते. म्हणून नॉकिंगची कंपने ओळखून ठिणगी मागे घेणे, हवा तापल्यास टर्बोचा दाब उतरविणे आणि दाब मर्यादेपलीकडे गेल्यास इंधन तोडणे ही ईसीयूची संरक्षक कार्ये शक्तिवाढीपेक्षा महत्त्वाची ठरतात.

स्थानिक परिस्थिती : रस्ता आणि इंधन

प्रयोगशाळेतील चाचणी आणि प्रत्यक्ष रस्ता यांतील अंतर समजण्यासाठी आपल्या परिसराचेच उदाहरण पुरेसे आहे. उत्रोलीहून भोरमार्गे वरंधा घाट उतरून महाडला जाणारी मोटार एकाच प्रवासात दख्खनच्या पठारावरून कोकणात पोहोचते. सुमारे ६०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण ७ टक्क्यांनी कमी असतो. टर्बोचा दाब केवळ बाहेरील हवेच्या तुलनेत मोजणारी व्यवस्था पठारावर योग्य वाटते. परंतु कोकणात तीच व्यवस्था सिलिंडरमध्ये अधिक हवा भरते आणि इंजिन मॅपच्या न तपासलेल्या भागात काम करू लागते. उलट, परतीच्या चढणीवर वेग कमी, भार जास्त आणि थंडाव्यासाठी वारा अपुरा असतो. त्यामुळे निरपेक्ष दाब मोजणारा आणि हवेच्या तापमानानुसार दुरुस्ती करणारा नियंत्रक आपल्याकडे अत्यावश्यक आहे.

दुसरा घटक इंधनाचा आहे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग इंधनास १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणासाठी हे प्रमाण सुमारे १३.५ पर्यंत उतरते. म्हणजेच तितक्याच हवेला ८ ते ९ टक्के अधिक इंधन लागते. इथेनॉलमुळे नॉकिंगचा प्रतिकार वाढतो हे खरे. परंतु जुन्या इंधनावर बेतलेला मॅप दुरुस्तीविना वापरल्यास मिश्रणात इंधन कमी पडते. भरधाव स्थितीत हे मोजण्यासाठी विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन संवेदक लागतो.

उपलब्ध पर्याय

पहिला पर्याय मूळ ईसीयूतील मॅप नव्याने लिहिण्याचा. यात कारखान्याने दिलेली संरक्षक कार्ये कायम राहू शकतात. मात्र काम करणाऱ्याने ती बंद केलेली नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते.

दुसरा पर्याय मूळ ईसीयूला जोडल्या जाणाऱ्या पूरक पेटीचा. यातील अनेक पेट्या दाबाचा खरा संकेत अडवून ईसीयूला कमी दाब दाखवितात. परिणामी ईसीयू दाब वाढवीत राहतो. ही स्वस्त युक्ती असली, तरी रक्षकालाच चुकीची माहिती पुरविणारी आहे.

तिसरा पर्याय स्वतंत्र ईसीयूचा. ऑस्ट्रेलियातील मोटेक व हॅलटेक, न्यूझीलंडमधील लिंक या कंपन्यांची उपकरणे यात मोडतात. येथे संपूर्ण मॅप नव्याने रचावा लागतो. पोलोच्या टीएसआय इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये उच्च दाबाने फवारले जाते. असे इंजेक्टर चालविण्याची क्षमता प्रत्येक स्वतंत्र ईसीयूत नसते. शिवाय जीटी टीएसआयचा सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स ईसीयूशी सतत माहितीची देवाणघेवाण करतो. तो संवाद तुटल्यास गिअर नीट पडत नाहीत. याउलट, इंधन बाहेरील नळीत फवारणाऱ्या आणि हाती गिअर असलेल्या जुन्या मोटारीत, विशेषतः शर्यतीच्या बंदिस्त मार्गासाठी, हा पर्याय समर्थनीय ठरतो.

कायदेशीर बाजू

देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींना पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांच्या चाचण्यांनंतर मान्यता मिळते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ उत्सर्जन-मानके लागू झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात बदल करण्यावर निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये कायद्यास संमत नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उत्प्रेरक परिवर्तक काढणे किंवा त्याचा संवेदक आज्ञावलीतून निष्क्रिय करणे हे प्रदूषणाच्या दृष्टीनेही गैर आहे.

निष्कर्ष

निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : प्रथम कायदा, नंतर इंजिन व गिअरबॉक्सची रचना, त्यानंतर संरक्षक कार्ये, पुढे मॅप तपासून देणारा जबाबदार तंत्रज्ञ आणि सर्वांत शेवटी अश्वशक्ती. या क्रमाने विचार केल्यास रोजच्या वापरातील आधुनिक टर्बो मोटारीत मूळ ईसीयू कायम ठेवणे हाच बहुतेक वेळा इष्ट निर्णय ठरतो. मॅपमध्ये बदल करावयाचाच असल्यास तो नियमांच्या चौकटीत असावा, मूळ आज्ञावलीची प्रत जपून ठेवावी आणि चाचणीतील नोंदी लेखी स्वरूपात मागाव्यात. आपल्या महाविद्यालयांत दुचाकी-चारचाकीचे वेड असलेले विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना केवळ मनाई करण्यापेक्षा दाब, तापमान आणि ज्वलन यांचा हा हिशेब समजावून देणे अधिक परिणामकारक ठरेल.