पुतण्याची मोटार आणि माझा हिशेब

आमच्या थोरल्या बंधूंचा सुताचा व्यापार आहे. इचलकरंजीचे व्यापारी आणि कोइमतूरच्या गिरण्या यांचा संबंध जुना; त्यामुळे त्या गावाचे नाव आमच्या घरात नित्य निघते. परंतु गेल्या दिवाळीनंतर माझ्या पुतण्याने ते निराळ्याच कारणासाठी काढले. तेथील करी मोटर स्पीडवेवरील एका ‘ट्रॅक डे’ला आपली मोटार घेऊन जाण्याची त्याची इच्छा होती. वहिनींनी ताट बाजूला सारले. दादांनी माझ्याकडे पाहिले. म्हणजे कागद तपासण्याचे काम माझे.

ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, हे मी प्रथम समजून घेतले. शुल्क भरून आपलीच गाडी बंदिस्त धावपट्टीवर चालवायची. नवख्यांचा गट वेगळा असतो, थोड्या थोड्या मिनिटांच्या फेऱ्या असतात, पहिला-दुसरा क्रमांक कोणी काढत नाही. कोइमतूरची धावपट्टी सुमारे २.१ किलोमीटरची, म्हणजे लहान. नवशिक्याला तेच बरे. हीच हौस सार्वजनिक रस्त्यावर भागवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तो गुन्हा ठरतो. ट्रॅकवर समोरून ट्रक येत नाही, म्हैस आडवी जात नाही. एवढ्यावर दादा निम्मे राजी झाले.

उरलेले निम्मे विम्याच्या कागदात अडकले. पुतण्याला नवी मोटार न्यायची होती. ती पेढीच्या नावावर आणि बँकेकडे तारण! विमापत्रातील ‘वापराच्या मर्यादा’ हे कलम आपल्यापैकी किती जणांनी वाचले असेल? खासगी मोटारीच्या विम्यातून संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी हे दोन्ही वापर तेथे स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅक डे शर्यत नाही असे आपण म्हणू, विमा कंपनी त्याला वेगाची चाचणी म्हणेल. आणि तो वाद मिटेपर्यंत कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. कर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला यापुढे बोलण्याची गरज नव्हती. जी वस्तू पूर्णपणे आपली नाही, ती अशा ठिकाणी न्यायची नाही. शेवटी कर्ज फिटलेली जुनी लहान गाडी ठरली. ‘मोडली तर खर्च तुझ्या नावे पडेल,’ असे दादांनी त्याला सर्वांसमक्ष सांगितले. तो दोन दिवस घुश्शात होता.

आयोजकांच्या अर्जावर ‘इजा अथवा नुकसान झाल्यास आपली जबाबदारी’ असे लिहून द्यावे लागते. तो अर्ज मी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मगच सही करू दिली. आरोग्य विम्यात साहसी खेळ वगळले आहेत का, हेही पाहिले.

गाडीच्या तयारीत मला सर्वांत उद्बोधक वाटले ते ब्रेक ऑइल. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते. नवे डॉट ४ प्रतीचे ऑइल २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या ऑइलला मात्र तीच प्रत केवळ १५५ अंशांची हमी देते. ट्रॅकवर प्रत्येक वळणापूर्वी जोरात ब्रेक लागतो, उष्णता वाढत जाते, ऑइल उकळले की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल पोकळपणे खाली जाते. आमचा मेकॅनिक म्हणाला, ‘गाडी थांबतेय की, मग कशाला बदलायचं?’ बदलले. ब्रेक पॅडही नवे घातले. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासले, टायर थंड असताना हवा मोजली. चालकाच्या पायाखालची मॅट काढली, कारण ती सरकून पेडलखाली अडकू शकते. डिकीतून सुताच्या नमुन्यांची दोन पोती निघाली, तेव्हा वहिनीही हसल्या. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, सुती कपडे, पातळ तळव्याचे बूट. कृत्रिम धाग्याचे कापड आगीत अंगाला चिकटते, हे सूतवाल्यांना सांगायला नको.

मी सोबत गेलो. सकाळी निशाणांचे अर्थ समजावले गेले: पिवळे दिसले की सावध, लाल दिसले की फेरी थांबवून हळू परत, निळे म्हणजे मागच्याला वाट द्या. पहिल्या फेरीत शेजारी प्रशिक्षक बसला होता. ब्रेक सरळ रेषेतच लावून घ्या, मग वळा. नजर बॉनेटवर नको, जेथे जायचे आहे तेथे हवी. पुतण्या उतरला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता आणि वेगाविषयी तो चकार शब्द बोलला नाही.

तिसऱ्या फेरीत ब्रेकचा करपट वास आला. त्याने स्वतःहून एक फेरी अगदी सावकाश मारून गाडी बाहेर आणली. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये, म्हणून ती गिअरमध्ये ठेवून मी चाकाला दगड लावला. चौथ्या फेरीला तो गेलाच नाही. त्याच गाडीने दुसऱ्या दिवशी घरी परतायचे होते.

इचलकरंजीत आल्यावर पाहिले, तर नवे पॅड बरेच झिजले होते. ते बिल पेढीच्या वाहनखर्चात घालावे, असे पुतण्याने हळूच सुचवले. दादांनी वही उघडली आणि ते त्याच्या नावे लिहिले.