जुना मोबाइल विकताय? क्यूआर कोड आला की थांबा

जाहिरात टाकून दहा मिनिटं होत नाहीत तोच मेसेज: "मी आर्मीत आहे, पोस्टिंग लांब आहे, माणूस पाठवून फोन नेतो." भावात घासाघीस शून्य! जुन्या वस्तूला घासाघीस न करणारं गिऱ्हाईक आपल्याकडे अजून जन्माला यायचंय, तेव्हा इथेच सावध व्हा. पाठोपाठ क्यूआर कोड येतो: "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. "चुकून जास्त पाठवले, परत करा" म्हणाले, तर पैसे आल्याच्या एसएमएसवर विसंबू नका, आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

घेणाऱ्यांसाठी: फोन हातात आल्यावर *#०६# डायल करा. दिसणारा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवा. मग केवायएम, एक स्पेस आणि तो १५ अंकी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा (आज्ञा इंग्रजी अक्षरांत). उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं, तर कितीही स्वस्त असला तरी सोडा.

आयफोन असेल तर विकणाऱ्याचा ॲपल आयडी तुमच्यासमोर काढायला लावा. "घरी जाऊन काढतो" चालणार नाही. ॲक्टिव्हेशन लॉक राहिला तर हातात नुसती काच उरते. हप्ते थकलेला फोनही फायनान्सवाले दूरवरून लॉक करू शकतात, म्हणून बिल मागाच.

पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितकी घाई, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतात.