पात्याच्या अंतरंगाची साक्ष

गुजरात आणि दमणकडून येणारा हमरस्ता दहिसरच्या नाक्यावर मुंबईच्या हद्दीत शिरतो. त्या नाक्याच्या अलीकडे, घोडबंदरच्या फाट्यावर, पवनचक्कीचे एकच पाते लादलेला लांबलचक ट्रेलर रात्रीच्या वेळी कधी कधी वळताना दिसतो. आणि त्या शुभ्र, गुळगुळीत, सर्वथा निर्दोष भासणाऱ्या वस्तूच्या पोटात काय दडले असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात सहसा उमटत नाही.

पाते धातूचे नसते. काचतंतूंच्या पट्ट्या साच्यात थरावर थर मांडून, मध्ये जागोजागी बाल्सासारखे हलके लाकूड किंवा फोम घालून, हवा खेचून घेऊन त्यांत राळ मुरवतात. आणि अशी दोन अर्धुके आतल्या उभ्या पडद्यासह गोंदाने जोडली म्हणजे पाते सिद्ध होते. राळ पोहोचली नाही तर थर कोरडा राहतो, हवा अडकली तर पोकळी उरते, पट्टी सरकली तर सुरकुती पडते, गोंद तोकडा पडला तर सांधा कच्चा राहतो. आणि या साऱ्यावर अखेर रंगाचा हात फिरतो. पुढे प्रत्येक फेऱ्यात पात्याचे स्वतःचेच वजन त्याला एकदा एका अंगास व एकदा दुसऱ्या अंगास वाकवते. मिनिटास 15 फेरे आणि अखंड भ्रमण धरले, तर वीस वर्षांत ही उलटापालट पंधरा कोटींहून अधिक वेळा होते.

पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन कंपनीस पाते कमकुवत ठरण्याची किंमत अमेरिकेत मोजावी लागली. तेथील एस-88 जातीच्या यंत्रांच्या पात्यांना तडे आढळल्यावर 2008 साली कंपनीने 1,251 पाती मजबूत करण्याचे काम जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इलिनॉय राज्यात सुमारे 140 फूट लांबीचे एक पाते तुटून खाली आले. पात्यांची क्ष-किरणांनी तपासणी केली असती तर हे अरिष्ट टळले असते, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. भाराचा अंदाज हा आराखड्याचा प्रांत आहे, चित्राचा नव्हे. परंतु वस्तू न मोडता तिचे अंतरंग जाणण्याची निकड किती आहे, हे अशा प्रसंगांनी पटते.

1895 साली राँटगेनने शोधलेल्या या किरणांचे तत्त्व साधे आहे. द्रव्य जितके घन व जाड, तितके किरण अधिक शोषले जातात. काचतंतू राळेपेक्षा अधिक किरण अडवतो, बाल्सा जवळजवळ काहीच अडवत नाही. म्हणून पोकळी फिल्मवर काळसर उमटते, आणि विजेपासून रक्षणासाठी बसवलेली धातूची तार पांढरी रेघ होऊन दिसते. तेलशुद्धीकरण कारखान्यांतील पोलादी नळांचे सांधे तपासण्यास वापरले जाणारे इरिडियम-192 येथे फारसे उपयोगी नाही. त्याचे गॅमा किरण इतके भेदक असतात की पातळ थरांतला सूक्ष्म फरक पुसून जातो. येथे कमी विद्युतदाबाची क्ष-किरण नळीच हवी.

आता या साक्षीचा कच्चा दुवा. पोथीची पाने एकमेकांपासून किंचित सुटली असली तरी वरून पाहणाऱ्यास ते कळत नाही, कडेने पाहणाऱ्यास कळते. तद्वत दोन थर एकमेकांपासून सुटून पडलेली चपटी फट किरणांच्या वाटेस आडवी असेल, तर ती जवळजवळ अदृश्य राहते, कारण किरणांच्या मार्गातील एकूण द्रव्य तेवढेच असते. पृष्ठभागापर्यंत पोहोचलेल्या भेगेत झिंक आयोडाइडचे द्रावण मुरवले तर ती उजळून निघते, पण बंद फटीत द्रावण शिरणार कसे? सर्व बाजूंनी चित्रे घेऊन संगणकाने घनाकृती रचण्याचा मार्ग उत्तम आहे. मात्र चाळीस मीटरचे पाते यंत्रात मावत नाही, म्हणून सूक्ष्म चित्रासाठी त्याचा तुकडा कापून न्यावा लागतो. ‘विनाशाविना तपासणी’ म्हणवणाऱ्या शास्त्राची ही थोडी थट्टाच झाली! म्हणूनच कारखान्यांत हातोडीची टकटक आणि श्राव्यातीत ध्वनी यांचा अंमल आजही चालतो, आणि क्ष-किरण बहुधा शंकास्पद जागी बोलावले जातात.

क्ष-किरणांच्या कामास परवाना लागतो. मुंबईतल्या अणुशक्तीनगरात 1983 सालापासून कार्यरत असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ तो देते. प्रशिक्षित कर्मचारी, किरणमापक आणि घातलेला घेरा यांवाचून चित्र घेता येत नाही. पाते साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटर उंचीवर मनोऱ्यास लागले, की एका बाजूस नळी व दुसऱ्या बाजूस फिल्म धरणे महाकठीण होते. तेव्हा जे पाहायचे ते पाते कारखान्याच्या आवारातून निघण्यापूर्वीच पाहावे. आणि खरेदीदाराने ‘तपासले’ असा शिक्का पाहून समाधान न मानता, चित्रे कोणत्या जागांची व कोणत्या कोनातून घेतली, याची लेखी माहिती करारातच मागून घ्यावी.