इंग्रजी शब्द पाठ करू नका, फोडून शिका

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली तिथली एक मुलगी अकरावी सायन्सला गेली आणि दोन महिन्यांतच म्हणाली, "ताई, मी ढ आहे. आर्ट्सला जाते." प्रकाशसंश्लेषण कसे होते हे तिला व्यवस्थित सांगता येत होते. ती अडली होती 'फोटोसिंथेसिस' या शब्दापाशी. विषय येत होता, शब्द येत नव्हता. हा फरक कोणी समजावून सांगत नाही आणि आपली हुशार मुले स्वतःलाच कमी लेखू लागतात.

मग आपण सांगतो, "रोज वीस शब्द पाठ कर." असे शब्द टिकत नाहीत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहॉस यांनी स्वतःवर केलेले स्मरणाचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरे पाठ केली तर त्यातले बरेचसे पहिल्या दिवसातच विसरते, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी जास्त उपयोगी पडते, असे त्यांना आढळले.

म्हणून शब्द आधी अर्थपूर्ण करावा लागतो. त्यासाठी तो फोडून पाहा. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे संश्लेषण. मराठी शब्दाची जोडणीही अगदी तशीच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्यासाठीचा इंग्रजी शब्द आहे 'अनटचेबिलिटी'. दिसायला लांबलचक, पण त्यात पहिलीतल्या मुलालाही येणारा 'टच' आहे. मराठीत 'अ' लावून नकार येतो आणि 'ता' लावून भाववाचक नाम होते. इंग्रजीत तेच काम 'अन' आणि 'इटी' करतात.

दुसरी गोष्ट, शब्द एकटा शिकू नका, त्याचे कुटुंब शिका. 'इक्वल' आला की इक्वली, इक्वॅलिटी, अनइक्वल, इनइक्वॅलिटी हे चार शब्द सोबत येतात.

तिसरी गोष्ट, अर्थ आधीच माहीत असलेला मजकूर इंग्रजीतून वाचा. उद्देशिका बहुतेक मुलांना मराठीतून पाठ असते; तीच इंग्रजीतून वाचली की न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचे इंग्रजी शब्द आपोआप कळतात. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत आहे आणि त्याचा मराठी अनुवादही सहज मिळतो. त्यातला मजकूर क्रमांक देऊन मांडलेला असल्याने दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचता येतात. रोज पाच-सहा क्रमांक पुरेत.

नवा शब्द वहीत लिहिताना त्याचा अर्थ आणि स्वतः रचलेले एक वाक्य लिहा. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी अर्थ झाकून आठवून पाहा. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवण्याच्या प्रयत्नाने शब्द पक्का होतो.

कार्यकर्त्यांना एक विनंती. जयंतीला आपण वह्या-पुस्तके वाटतो, ते चांगलेच आहे. त्यासोबत विहारात आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास असे वाचन सुरू करा. त्यासाठी इंग्रजीचा प्राध्यापक लागत नाही. एक शब्दकोश, दोन्ही भाषांतली पुस्तके आणि चुकलेल्या उच्चाराला न हसणारी माणसे एवढे पुरते.

ती मुलगी आज बारावी सायन्सलाच आहे.

जय भीम!