मूत्रपिंडांचे रक्षण : चार दशकांच्या संशोधनाची शिकवण

भारतातील मूत्रपिंडविकारांच्या नोंदवहीचा पहिला अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. देशभरातील रुग्णालयांतून नोंदल्या गेलेल्या ५२,२७३ रुग्णांची माहिती त्यात संकलित केलेली होती. नडियाद येथील डॉ. मोहन राजापूरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या या अहवालातील एक आकडा ग्रामीण जीवनाशी संबंध असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावा असा आहे. नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्ण तज्ज्ञांसमोर आले ते रोगाच्या पाचव्या, म्हणजे अखेरच्या अवस्थेत. या अवस्थेत मूत्रपिंडांची कार्यशक्ती १५ टक्क्यांहूनही कमी उरलेली असते. अधिक चिंतेची बाब अशी की, हे रुग्ण आधीच्या अवस्थांतील रुग्णांपेक्षा वयाने लहान होते.

परभणी जिल्ह्यात या आकड्याचा अर्थ काय होतो, हे पाहण्यास फार मोठे गणित लागत नाही. अखेरच्या अवस्थेतील रुग्णापुढे डायलिसिस आणि मूत्रपिंडरोपण हे दोनच मार्ग असतात. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास चालते. जिंतूर किंवा गंगाखेडकडील एखाद्या गावाहून परभणीस यावयाचे, तर जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा प्रवास घडतो. आठवड्यास तीन खेपा धरल्या तर वर्षाच्या १५६ खेपा होतात आणि प्रवास बारा ते चौदा हजार किलोमीटरांच्या घरात जातो. रुग्णाबरोबर घरातील एक माणूस लागतोच. २०१६ साली जाहीर झालेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे गरीब कुटुंबांवरील उपचाराच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका झाला आहे, ही गोष्ट खरी. परंतु दोघांचे बुडालेले दिवस परत मिळत नाहीत आणि ऐन पेरणीत किंवा कापूसवेचणीत ते बुडाले म्हणजे वर्षाची घडीच विस्कटते.

म्हणून डायलिसिस किंवा रोपण हा या लेखाचा विषय नव्हे. रुग्णास तेथवर जावेच लागू नये, निदान दहा-पंधरा वर्षे उशिरा जावे लागावे, यासाठी वैद्यकीय संशोधनाने आपल्या हाती काय दिले आहे, ते येथे पाहावयाचे आहे.

उदार निसर्ग, लपलेला रोग

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, बरगड्यांच्या खालच्या अंगाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सरासरी दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात घेतला जातो आणि अवघे दीड-दोन लिटर मूत्र बाहेर पडते. याखेरीज रक्तदाबाचे नियमन, हाडांची बळकटी आणि तांबड्या रक्तपेशी तयार करण्याचा संदेश देणे ही कामेही मूत्रपिंडांकडेच आहेत. मूत्रपिंडे खंगलेला रुग्ण पांढरा फटक दिसतो, त्याचे कारण हेच.

निसर्गाने येथे सढळ हाताने शिल्लक ठेवली आहे. एक मूत्रपिंड दान करूनही माणूस धडधाकट जगतो. दुर्दैवाने हीच उदारता रोगाला लपवते. निम्म्याहून अधिक गाळण्या नष्ट झाल्या तरी लघवी होत राहते, दुखत-खुपत नाही, शेतीचे काम चालू असते. पायावर सूज, मळमळ, धाप ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

रोग एकदा सुरू झाला की आपल्या गतीने पुढेच का सरकतो, या प्रश्नाने संशोधकांना बराच काळ कोड्यात टाकले होते. बोस्टन येथील डॉ. बॅरी ब्रेनर यांनी १९८२ साली त्याचा एक उलगडा मांडला. दहा जणांच्या टोळीतील चार जण आजारी पडले, तर उरलेल्या सहांवर सगळा बोजा येतो. ते उसने बळ आणून काम उरकतात आणि मग तेही एकेक करून खाली बसतात. गाळण्यांचेही असेच होते. उरलेल्या गाळण्यांत रक्ताचा दाब वाढतो, त्यांच्या भिंती झिजतात आणि रक्तात राहावयाची प्रथिने लघवीत पाझरू लागतात. तेव्हा लघवीतील प्रथिन हे या ओढाताणीचे पहिले उघड चिन्ह होय, आणि रुग्णास काहीही जाणवत नसताना ते सापडू शकते.

औषधांची कसोटी

गाळण्यांतील हा दाब उतरविणारे औषध मिळाले ते अनपेक्षित ठिकाणाहून. ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषाचा अभ्यास करीत असता त्यात रक्तदाब उतरविणारे द्रव्य आढळले आणि त्या धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे औषध तयार झाले. आपल्याकडील घोणस त्याच कुळातील. घोणस चावलेल्या माणसाची मूत्रपिंडे बंद पडतात, हे आपल्या भागातील डॉक्टर दर पावसाळ्यात पाहतात. त्याच कुळाने मूत्रपिंड राखणाऱ्या औषधाची वाट दाखवावी, ही मौजच म्हणावयाची.

१९९३ साली या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेहामुळे मूत्रपिंडांना इजा पोहोचलेल्या ४०९ रुग्णांपैकी काहींना कॅप्टोप्रिल व इतरांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. इतर औषधांनी दोन्ही गटांचा रक्तदाब आटोक्यात ठेवण्यात आला होता. तरीही मृत्यू, डायलिसिस किंवा रोपण यांपैकी काही ओढवण्याचा धोका कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत निम्म्याने कमी आढळला. २००१ साली लोसार्टन या औषधाची १,५१३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका या औषधाने २८ टक्क्यांनी घटल्याचे तीत दिसले.

त्यानंतर जवळजवळ दोन दशके नवे काही हाती लागले नाही. मग मधुमेहासाठीच निघालेल्या, लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या औषधांनी सर्वांनाच चकित केले. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत भारतासह २१ देशांतील ४,३०४ रुग्ण सहभागी होते आणि त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हता. सरासरी अडीच वर्षांच्या आत साधी गोळी घेणाऱ्या गटातील १४.५ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे गंभीरपणे ढासळली किंवा मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या विकाराने त्यांना मृत्यू आला. औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.२ टक्के होते. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत २०२० सालीच संपली व देशी कंपन्यांच्या गोळ्या स्वस्तात मिळू लागल्या. त्याच वर्गातील एम्पाग्लिफ्लोझिनची किंमतही २०२५ साली पेटंट संपताच झपाट्याने उतरली. आपल्या शेतमजुराच्या दृष्टीने चाचणीच्या निष्कर्षाइतकीच ही घटना महत्त्वाची आहे.

अशा चाचण्यांविषयी ग्रामीण भागात शंका असते आणि शिक्षकास किंवा पंचायत सदस्यास त्याबद्दल हमखास विचारले जाते. कोणास औषध व कोणास साधी गोळी द्यावयाची हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरते. कोणा डॉक्टरच्या मर्जीवर ते नसते. चाचणीस नैतिकता समितीची मान्यता लागते. रुग्णास समजणाऱ्या भाषेत माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते, आणि तो केव्हाही बाहेर पडू शकतो. भारतात चाचण्यांची जाहीर नोंद करणारी व्यवस्था २००७ साली सुरू झाली. २०१९ च्या नियमांनी चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद केली आहे. कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असे समजणारा संशोधक नियमही मोडतो आणि विश्वासही.

काय करू नये, हेही संशोधनच सांगते

एका औषधाने गुण येतो तर दोन्ही एकत्र दिली की दुप्पट गुण येईल, असा तर्क पुष्कळ वर्षे केला जात होता. पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांवरील २००८ सालच्या चाचणीने तो खोटा ठरविला. रामिप्रिल व टेल्मिसार्टन ही दोन औषधे एकत्र घेणाऱ्यांत मूत्रपिंडांना अधिक अपाय झाला. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्या गोळीत मिसळणे हा भाबडेपणा महागात पडतो.

त्याहून व्यापक प्रश्न वेदनाशामक गोळ्यांचा आहे. दिवसभर उन्हात राबून अंग दुखते, दुकानातून डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली जाते आणि पाणीही पुरेसे पोटात गेलेले नसते. शरीरातील पाणी घटले असता मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा ज्या यंत्रणेमुळे टिकून राहतो, तिलाच ही गोळी रोखते. एखाद-दुसऱ्या वेळी निरोगी माणसास ते सोसते. मधुमेही, रक्तदाबाच्या किंवा जुलाब-उलट्यांनी गळालेल्या माणसास सोसत नाही. कंपाउंडरच्या हातची ‘अंगदुखीची सुई’ बहुधा याच जातीची असते. पारंपरिक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीवरही विश्वास टाकू नये. पारा असलेली अशी औषधे घेणाऱ्यांत लघवीतून प्रथिने जाण्याचा विकार उद्भवतो, याकडे डॉक्टरांनी २०२२ साली लक्ष वेधले.

औषधाच्या शुद्धतेचा प्रश्न तर महाराष्ट्राने जवळून अनुभवला आहे. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या अहवालाने त्यामागील अनास्थेचे जे दर्शन घडविले, ते औषध प्रशासनातील प्रत्येकाने आजही वाचावे असे आहे. कारण द्रव्य तेच, डायएथिलिन ग्लायकॉल. आणि २०२५ साली छिंदवाडा जिल्ह्यातील वीसहून अधिक बालके खोकल्याच्या औषधातील त्याच द्रव्याने गेली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते.

ऊन, पाणी आणि सावली

नोंदवहीतील आणखी एक आकडा विचारात घेण्याजोगा आहे. ३१ टक्के रुग्णांत मूळ कारण मधुमेह होते, तर १६ टक्के रुग्णांत कारणाचा पत्ताच लागला नव्हता. कारण न सापडणारा असाच विकार मध्य अमेरिकेतील तरुण ऊसतोड मजुरांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. २००२ साली एल साल्व्हादोरमधील डॉक्टरांनी तो प्रथम जगापुढे आणला. तीव्र उन्हात कोयता चालविणे, घाम व अपुरे पाणी यांचा त्यात मोठा वाटा असावा, असे अनेक संशोधक मानतात. निकाराग्वातील एका साखर कारखान्याने मजुरांना ठरावीक वेळी सक्तीची विश्रांती, सावली व क्षारयुक्त पाणी देण्याची व्यवस्था केली. २०१७-१८ व २०१८-१९ या दोन हंगामांची तुलना केली असता, जळीत ऊस तोडणाऱ्यांतील मूत्रपिंड-इजेचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले दिसले. येथे उपाय म्हणून वापरले गेले ते केवळ छत, घड्याळ आणि पाण्याचे पिंप.

तेथील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करता येणार नाही. आपला गाळप हंगाम मुख्यतः हिवाळ्यातला आणि तोडीची रीतही वेगळी. पण परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि रोजगार हमीची, वीटभट्टीची व रस्त्याची कामे नेमकी तेव्हाच जोरात असतात. कामाच्या जागी पिण्याचे पाणी व सावली ही रोजगार हमीच्या नियमांत पूर्वीपासून असलेली तरतूद आहे. हजेरीपटावर सही करणाऱ्याने ती प्रत्यक्षात आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

उपकेंद्रातील पट्टी

गावपातळीवरील तपासणीस मोठी यंत्रसामग्री लागत नाही. गरोदर मातांच्या लघवीतील प्रथिने पाहण्यासाठी आरोग्य उपकेंद्रात एक साधी पट्टी वापरतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची लघवी याच पट्टीने वर्षातून एकदा पाहणे, रक्तदाब मोजणे आणि शक्य तेथे रक्तातील क्रिएटिनिन तपासणे, एवढ्यावर बहुतेक धोक्यातील माणसे उजेडात येतात. क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होते. तेव्हा हडकुळ्या मजूर स्त्रीचा आकडा वरकरणी ठीक दिसूनही मूत्रपिंडे खालावलेली असू शकतात. पट्टी म्हणूनच वगळू नये. मधुमेह हा स्थूल व सुखवस्तू लोकांचा रोग, ही समजूतही पुसली पाहिजे. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखविले आहे.

तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मधुमेह व रक्तदाबाची तपासणी आरोग्य खात्याच्या असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात आहेच, आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी त्याचे अर्ज भरतात. अडते ते पुढे. रक्तदाब वाढलेला आढळतो, गोळ्या महिनाभर घेतल्या जातात, बरे वाटते आणि बंद होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या नेणाऱ्यांपैकी कोण दोन महिने आले नाही, याची यादी आरोग्य सेविकेकडून घेऊन त्या घरी निरोप पोहोचविणे हे काम ग्रामपंचायत सदस्यास सहज जमण्यासारखे आहे. रुग्णाचा आजार चावडीवर चर्चिला जाणार नाही, एवढी काळजी मात्र त्याने घ्यावी.

तपासणीच्या दिवसाबाबत एक व्यावहारिक अडचण आहे. जिल्ह्यातील ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात घेतलेल्या शिबिरास गावातील म्हातारी माणसे येतात, ज्यांची तपासणी सर्वाधिक गरजेची ते येत नाहीत. ज्या गावांतून टोळ्या जातात तेथे हा दिवस भाद्रपदात, पोळ्यानंतर लगेच ठेवावा लागेल, आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांना निदान तीन महिन्यांचा पुरवठा सोबत द्यावा लागेल.